मदत हवी आहे: मारुती ८०० गरम झाली की बंद पडते, इंजिन नुकतंच घरी उघडून बसवलंय

कोपरीकर
हेड उघडून गॅस्केट बदललं, व्हॉल्व घासून बसवले, टायमिंग बेल्ट नवा, प्लग नवे, कार्ब (कार्ब्युरेटर) उघडून साफ केला. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. माजिवड्यापर्यंत काही तक्रार नाही, कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलं की झटके देते आणि बंद. मग नुसता सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही. अर्ध्या तासाने काही न करता परत चालू. कार्ब साफ करा हा सल्ला नको, तो करून झालाय.
दुसरं म्हणजे सीट आणि कार्पेट काढलंय, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय. त्यावर काय लावू? रविवारपर्यंत उरकायचं आहे, लवकर सांगा.

पाना_बारा
साल कुठलं? डिस्ट्रिब्युटर पॉइंटवाला की इलेक्ट्रॉनिक? बंद पडते तेव्हा टेंपरेचरचा काटा कुठे असतो, फॅन लागतो का? हे कळल्याशिवाय सगळा अंदाजपंचेच होईल.

ऐरोली_गॅरेज
टायमिंग बेल्टचा एक दात चुकलाय. घरी बेल्ट बदलला की हे ठरलेलंच. कव्हर उघडा, खुणा जुळवा.

कोपरीकर
९१ची. पॉइंटवाला. काटा मध्यावर, फॅन लागतो. बेल्टच्या खुणा बरोबर आहेत, दोनदा हाताने क्रँक फिरवून बघितल्या.

पाना_बारा
@ऐरोली_गॅरेज, दात चुकला तर गार इंजिनलाही पिकअप पडतं, रेस (पाय न देता इंजिन फिरतं ती, आयडलिंग) नीट बसत नाही. ही गाडी गार असताना व्यवस्थित चालते, म्हणजे बेल्ट सोडा.

कोपरीकर, गाडी बंद पडलेली असताना, जागेवरच, दोन गोष्टी बघायच्या. गार झाल्यावर बघून उपयोग नाही.

पहिली ठिणगी. एक जुना प्लग खिशात ठेवा. एका प्लगची वायर काढून त्याला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी किंवा नसेलच तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन बसतोय. कॉइलचा रेझिस्टन्स गार असताना आणि बंद पडल्या पडल्या असा दोन्ही वेळा मोजा. गरम झाल्यावर थोडा वाढणारच, पण मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल गेली.

दुसरं पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बच्या तोंडात टॉर्च मारा आणि थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार नसेल तर फ्लोट चेंबर (कार्बमधली पेट्रोल साठवणारी वाटी) कोरडा आहे. मग टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) तुंबलाय. आवाज नसेल तर पंप किंवा लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होतेय.

आणि हे सांगा: कार्ब बसवताना त्याखालचा जाड काळा स्पेसर परत लावला का? पंपाच्या रिटर्न नळीतून फुंकर टाकीपर्यंत जाते का?

घोडबंदरवाला
एवढा व्याप कशाला? मेकॅनिकल पंप काढा, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा. वाफेचा प्रश्नच मिटतो.

पाना_बारा
कुठला पंप ते तरी लिहा. बाजारात सहज मिळतो तो एमपीएफआयचा (कार्बऐवजी इंजेक्शनवाल्या गाड्यांचा), साधारण ३ बारचा. कार्बची फ्लोट नीडल (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) जेमतेम ३ पीएसआय धरते, म्हणजे बारमध्ये ०.२. नीडल उचलून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये उतरेल, तिथून ऑइलमध्ये. वर इग्निशन चालू आणि इंजिन बंद असेल तरी हा पंप ढकलतच राहतो. अपघातात नळी तुटली तर काय होईल याचा विचार करा.

घोडबंदरवाला
कार्बसाठी कमी दाबाचेही पंप मिळतात. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले दिला की इंजिन थांबताच पंप थांबतो.

पाना_बारा
हे आधी लिहिलं असतं तर वाद नव्हता. पण मूळ कारण न शोधता पंप बदलणं मला पटत नाही.

सीवूड्स_४२
३० वर्षांच्या वरची गाडी रस्त्यावर चालतच नाही. १५ वर्षांनी स्क्रॅप करावी लागते. खर्च वाया जाईल.

आरटीओ_फॉर्म_२५
१५ वर्षांनंतर पेट्रोल गाडी न चालवण्याचा नियम दिल्ली एनसीआरचा आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारचं आरसी १५ वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ५ वर्षांसाठी वाढतं. अर्ज फॉर्म २५चा. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरच्या) पाट्याही लागतील. तपासणीत पत्रा बघतात, तेव्हा फ्लोर आधी करा. आणि व्हिंटेज नोंदणीचं कोणी सुचवेल त्याआधीच सांगतो, त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते.

कोपरीकर
आरटीओचं विचारलेलं नाही. पत्र्याचं कोणी सांगेल का?

नेरुळ_डेंटिंग
गंज वरवरचा आहे की पत्रा खाल्लाय? स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आरपार गेला किंवा पत्रा लवला तर तेवढा भाग कापावाच लागतो.

त्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच परत. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर पाणी मारत जायचं: आधी दार, मग काचेखालची जाळी, शेवटी पुढच्या काचेचं रबर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. दाराच्या पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर पाणी थेट कार्पेटखाली येतं, ८००मध्ये हे फार दिसतं. फ्लोरचे रबरी बूच कडक झाले असतील तर नवे घाला.

वरवरचा गंज असेल तर ग्राइंडरला वायर कप, मग ८० नंबर पेपर, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, डब्यावर लिहिलेला वेळ झाला की ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच हीटगनने सुकवा. त्याच दिवशी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून वर डांबरी शीट चिकटवू नका, खाली दमट हवा कोंडते आणि गंज दिसायचाही बंद होतो. सांध्यांवर पीयू सीम सीलर, मग रंग. पाऊस चालू असताना प्रायमर नको. रविवारचा हट्ट इथे सोडा.

ऐरोली_गॅरेज
भोक असेल तर फायबर मॅट आणि रेझिन. वेल्डिंगची भानगड नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं.

नेरुळ_डेंटिंग
गंजलेल्या पत्र्यावर रेझिन धरत नाही, कडेने सुटतं आणि मध्ये पाणी साचतं. सीटची रेल आणि बेल्टचा बोल्ट जवळ असेल तर फायबर अजिबात नको, ती ताकदीची जागा आहे. २० गेज सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा पॅच, इंच-इंचावर वेल्डिंगचे टाके, एका जागी सलग नाही, नाहीतर पत्रा ताणतो. फ्लोरखालून पेट्रोल आणि ब्रेकच्या लाइन जातात, त्या बाजूला घेतल्याशिवाय आणि बॅटरी काढल्याशिवाय टाका मारायचा नाही. हे काम पार्किंगमध्ये नाहीच, गॅरेजमध्ये न्या.

सीवूड्स_४२
सीटला रेक्झिन घेऊ नका, घाम येतो. कापडी घ्या, खाली १० मिमी फोम.

कोपरीकर
आज बंद पडल्यावर बघितलं. ठिणगी कडक, निळी. कार्बमध्ये धार नाही. झाकण उघडलं, हवेचा आवाज नाही. रिटर्नमधून फुंकर जाते. स्पेसर तडकला होता म्हणून काढला, जागी दोन पेपर गॅस्केट लावली. जाडी तेवढी नाही, पण लीक तर नाही.

पाना_बारा
तिथेच आहे. तो स्पेसर जाडीसाठी नाही, उष्णता अडवण्यासाठी असतो. तो काढला की मॅनिफोल्डची उष्णता थेट फ्लोट चेंबरला लागते. चालत्या गाडीत हवा आणि ताजं पेट्रोल कार्ब गार ठेवतात, सिग्नलला दोन्ही कमी होतात आणि चेंबर उकळतो. आताच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते ७८ अंशांना उकळतं, पेट्रोलचे हलके भाग त्याहून आधी.
लीक नाही हेही तपासा. स्पेसर काढला की स्टड लांब पडतात, नट आटे संपतात तिथे अडतो आणि घट्ट वाटला तरी कार्ब दाबला जात नाही. इंजिन स्लो रेसवर ठेवून कार्बच्या बुडाशी बारीक पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर हवा ओढतेय. कार्ब क्लीनरने हे करू नका, गरम मॅनिफोल्डवर पेट घेतो.
स्पेसर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल. दोन्ही बाजूंना नवं गॅस्केट, सपाटी काचेवर ठेवून बघा, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. हात लागलाच आहे तर पंपाच्या नळ्याही एसएई जे३० आर९ छापलेल्या घाला, जुनं रबर इथेनॉलने फुगतं.

कोपरीकर
स्पेसर बसवला. कापूरबावडीला सलग तीन सिग्नल थांबलो, रेस हलली नाही. पण बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर लांब फिरावा लागतो.

पाना_बारा
चोक ओढू नका. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून तसाच धरा, पंप करू नका, सेल्फ मारा. लगेच घेतली तर पेट्रोल जास्त झालंय, फ्लोटची पातळी कार्बच्या काचेतल्या खुणेशी जुळवा. तरीही लांबच फिरला तर चेंबर रिकामा होतोय, पंपाचे व्हॉल्व बघा.

दिवा_जंक्शन
माझ्या ओम्नीला असंच होतं. हाच स्पेसर चालेल का?

पाना_बारा
इंजिन तेच ७९६ सीसी, पण कार्ब कुठला आहे? साल आणि कार्बच्या बुडाचा फोटो टाका.