मदत हवी आहे: गाडी मिस मारतेय, प्लग बदलून झाले

लिंकरोडवाला
महिना झाला गाडी मिस मारतेय, इंजिन मधेच ठोका चुकवतंय. सिग्नलला उभी असली की सगळी थरथरते आणि रविवारी मुंबईहून येताना कसारा घाटात असे झटके मारले की बायको म्हणाली मी उतरून चालते. चारही स्पार्क प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर साफ केला. मेस्त्री म्हणतो इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) क्लीनिंग करू, साडेतीन हजार. करू का? लवकर सांगा, शनिवारी परत निघायचंय.

सिडको_सहावी_स्कीम
कुठली गाडी, कुठलं साल? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

लिंकरोडवाला
सँट्रो झिंग २००६, पेट्रोल. १ लाख १४ हजार झालेत.

गंगापूररोड
इंजेक्टरच. माझ्या गाडीला सेम होतं, क्लीनिंग केलं, मख्खन.

जुना_स्पॅनर
न बघता इंजेक्टर कसा काय ठरवला? लिंकरोड, चेक इंजिनचा दिवा लागतो का? पावसात, दमट हवेत जास्त होतं का? आणि गॅस किट आहे का?

लिंकरोडवाला
दिवा नाही. पावसात जास्त, हो. किट आहे ना, सीएनजीवरच चालते, पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट करायला.

जुना_स्पॅनर
हे आधी सांगायचं रे भावा! मग पेट्रोलचे इंजेक्टर धुवून घाटात काय फरक पडणार, तिथे गाडी गॅसवर होती. गॅस पेटवायला स्पार्क जास्त दमदार लागतो, वायर जराशी लीक असली तरी चढावर लोड आला की लगेच मिस. प्लगच्या वायरी कधी बदलल्या?

गंगापूररोड
मग किट ट्यून कर. वायरी एवढ्या लवकर जात नाहीत.

जुना_स्पॅनर
२००६ च्या गाडीला लवकर?

पाथर्डीफाटा
१५ वर्षांवर झाली, पासिंग केलं का? रजिस्ट्रेशन रिन्यूअलला फी घेतात.

लिंकरोडवाला
पासिंग कुठून आलं? वायरी कंपनीच्याच असतील, मला आठवत नाही बदललेल्या.

जुना_स्पॅनर
रात्री अंधारात लाव, बॉनेट उघड, इंजिन चालू ठेव आणि बाटलीने वायरींवर पाण्याचा नुसता फवारा मार, कुठे ठिणगी उडते का बघ. हात लावू नकोस, झटका जोरात बसतो. प्लगची गॅप, म्हणजे टोकांमधलं अंतर, किती ठेवलीय? पेट्रोलची १.१ मिमी असेल तर गॅससाठी कमी कर, ०.८ च्या आसपास.

सिडको_सहावी_स्कीम
विकून टाक म्हणायला आलो होतो पण या गाडीचा एसी अजून भारी असतो हे मान्य. आमची दिली तेव्हा आई रडली होती.

लिंकरोडवाला
स्पॅनर काका, बघितलं. तिसऱ्या वायरीवर निळं टिकटिक टिकटिक, चक्क दिसतंय! बंद करून, थंड झाल्यावर प्लग काढला, पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ आहे. पुसली जात नाही. प्लग तर महिन्याचाच आहे, ठेवू ना?

जुना_स्पॅनर
नको. त्या रेघेवरूनच करंट पळतो, नव्या वायरीचा बूट (टोकाची रबरी टोपी) आठवड्यात जाळेल. चार वायरींचा सेट आणि तो एक प्लग, दोन्ही एकदमच.

लिंकरोडवाला
ओके, उद्या इथे नाशिकात द्वारका सर्कलला जाऊन आणतो. मेस्त्रीला आता काय सांगू?

पाथर्डीफाटा
पासिंगचं सांगितलंच नाहीत.