मदत हवी आहे: टेबल सॉचं पातं मागच्या बाजूला फेन्सकडे सरकतंय

नमस्कार मंडळी. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेलं गोल पातं असलेली करवत. १० इंची पातं, २ एचपी सिंगल फेज मोटर, व्ही बेल्ट. काम जास्त सागवानाचं. लांब पट्टी चिरताना फेन्सकडची (लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी, तिच्या बाजूची) कड काळी पडते, आणि शेवटच्या वीतभरात लाकूड मागं ढकलल्यासारखं वाटतं.

प्लग काढून मोजलं. एकाच दाताला खूण केली, तो पुढं आणून टेबलाच्या खाचेपासून (पातं हिला समांतर हवं) अंतर घेतलं, मग तोच दात फिरवून मागं नेला. मागं ०.५ मिमी फेन्सकडे झुकलेला. हा फरक पातं वाकडं असल्याचा नाही, कारण दात तोच आहे. फेन्स खाचेला समांतर आहे.

पातं वॉशिंग सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवून नायलॉन ब्रशनं डिंक काढला, पुसून कोरडं केलं. (तारेचा ब्रश कार्बाइडच्या दातांना लावू नका.) करपणं कमी झालं, गेलं नाही. पात्यामागची सुरी (चिरलेली फट मिटू न देणारी) २.५ मिमीची, काप ३.२चा, तिथं अडचण दिसत नाही.

टेबलाखालचे ट्रनियनचे (पातं धरून ठेवणारी बैठक) बोल्ट ढिले करून, लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं सरळ केलं. ०.१वर आलं. पण बोल्ट आवळले की परत ०.३. तेव्हा विचारायचं हे:

आवळायचा क्रम कसा ठेवता? एक बोल्ट घट्ट ठेवून बाकीचे थोडे-थोडे, की सगळे आलटून-पालटून? पातं ४५ अंशावर कललं की परत वेगळं माप येतं, तिथं पत्र्याची शिम (बैठकीखाली सरकवायचा पातळ तुकडा) कोणत्या टोकाला घालायची?

संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज १८०वर येतं, ते वेगळं दुखणं. तेव्हा मशीन बंदच असते.