मदत हवी आहे : ट्रेनर नॅटचं लढाऊ नॅट करायचंय

मंडळी, एअरफिक्स कंपनीचं नॅट टी.१ या जेट विमानाचं जुनं प्लास्टिक मॉडेल किट हाताशी आहे, १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं). ते दोन आसनी ट्रेनर, म्हणजे प्रशिक्षणाचं विमान. मला हवंय एक आसनी लढाऊ नॅट, १९७१च्या युद्धात श्रीनगरवर भारतीय हवाई दलाच्या निर्मलजीत सिंग सेखोंनी उडवलं तसं, १८ स्क्वॉड्रनचं.

लांबीचा हिशेब सोपा: खरं लढाऊ विमान ८.७४ मीटर, म्हणजे मॉडेल १२१ मिमी. ट्रेनर भरतं १३४. मधले १३ मिमी एकाच जागी कापू, की थोडे नाकाकडून, थोडे कॉकपिटमागून?

खरी डोकेदुखी पंखांची. ट्रेनरचा पंख लांबीला तर जास्त आहेच, रुंदीलाही आहे. नुसती टोकं छाटून भागणार नाही. शिवाय ट्रेनरची एलेरॉन्स (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) बाहेरच्या बाजूला, लढाऊची आत. जुन्या रेषा सुपरग्लूने बुजवून नव्या कोराव्यात, की सरळ प्लास्टिक शीटचे नवेच पंख बनवावेत? शेपटीही लहान करावी लागेल, पण ते जमेल.

ट्रेनरला तोफा नसतात. इंजिनाच्या हवेच्या तोंडांपाशी लढाऊच्या ३० मिमी एडन तोफांचे उंचवटे एम-सीलने केले तर घासताना कडा तुटतात का? आणि कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तापवून कोणी ओढली आहे का? साचा लाकडाचा घेतला होता का?