बासबरोबर आलेला बो पाच वर्षं पुरतो म्हणे

खर्जातला
काल एका मुलाने विचारलं होतं: डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य) शिकायला लागून वर्ष झालंय, खिसा हलका आहे, बो (तारांवर घासायचा गज) कोणता घेऊ? त्यावर 'चौथी तार' यांनी फर्मावलं की पहिली पाच वर्षं बासबरोबर आलेला बो पुरतो, आवाज हातात असतो, काठीत नाही. खाली अकरा जणांची 'सहमत, सहमत'. तिथे लिहायला गेलो तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आवाज हातात असतो, हे ज्यांच्या हातात बरा बो असतो तेच म्हणतात. मी असल्या आयत्या बोवर पावणेदोन वर्षं काढली. ई तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड खर्जाच्या तारेवर, टेकवला की आधी नुसती खरखर, सूर उगवायचा तो अर्धा बो संपल्यावर. सर म्हणायचे, वजन टाक. वजन टाकलं की काठी मधोमध बसायची आणि तारेवर बोच्या घोड्याच्या केसांऐवजी लाकूड घासायचं. म्हणून स्क्रू आवळायचा. आवळला की काठीचा बाक गायब, आणि बो तारेवर टणाटण उड्या मारणार. या सगळ्यात मी शिकलो काय, तर खांदा उचलून वजन अडवायला. ती खोड मोडायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

महागडा घ्या असं कोण म्हणतंय? फ्रॉग (बोच्या मुठीकडचा ठोकळा) डोळ्याशी धरून, नेम धरतात तसं काठीवरून टोकाकडे बघा. काठी डावी-उजवीकडे गेलेली नको. वाजवण्याइतके केस ताणले तरी आतला बाक शिल्लक दिसला पाहिजे. स्क्रू फिरवताना मध्येच सुटल्यासारखा वाटला तर आतल्या पितळी नटाचे आटे गेलेत, ठेवून द्या. वजन १३० ते १४५ ग्रॅमच्या आसपास. एवढं जमत असेल तर फायबरग्लासही चालेल.

चौथी तार
माझं अर्धंच वाक्य उचललंत. वाचलेले पैसे तारांवर आणि सेटअपवर घाला, असंही लिहिलं होतं. ब्रिज (तारा उचलून धरणारी घोडी) इतका उंच की पोरांची बोटं सोलवटतात, आणि ही पोरं बो शोधत फिरतात. मी आयत्या बोवरच सहा वर्षं वाजवतोय, तेही ऑर्केस्ट्रात. अजून कोणी उठवलेलं नाही.

खर्जातला
शेवटच्या स्टँडवर, म्हणजे सगळ्यात मागे, असाल. तिथलं पुढे ऐकू जात नाही.

चौथी तार
मुद्दे संपले की माणूस स्टँडवर घसरतो.

उलटा हात
स्वस्तातच घ्यायचाय तर जर्मन पकडीचा घ्या, विषय संपला. हात खालून, दंडाचं वजन आपोआप तारेवर. नवशिक्याला वरून धरायचा फ्रेंच देणं म्हणजे अंगठ्याची वाट लावणं. मी दोन वर्षं फ्रेंचवर घालवली, अंगठ्याच्या मुळाशी अजून कळ येते.

चेलोतून आलेली
कळ फ्रेंच बोमुळे नाही, चिमटीत आवळून धरल्यामुळे येते. चेलोवरून बासवर आले तेव्हा पहिल्या दिवसापासून वरूनच धरला, आठ वर्षांत काही झालं नाही. आणि जर्मन 'आपोआप' वाजतो हे कोणी सांगितलं? माझ्या वर्गातले दोघे जर्मनवाले करवत चालवल्यासारखे वाजवतात.

उलटा हात
मग चेलोच वाजवायचा होता की. नावाजलेला बासवादक एडगर मेयर जर्मन बोनेच वाजवतो. तोही करवत चालवतो का?

चेलोतून आलेली
आणि तसाच नावाजलेला बासवादक राबात फ्रेंच बोनेच. बोटेसिनी तर १९व्या शतकात, तीन तारांच्या बासवर, वरून धरूनच वाजवायचा. त्याचा अंगठा तुटला नाही.

उलटा हात
त्याच्या आधी ड्रॅगोनेटी खालून धरायचा. नावंच मोजायची तर मोजू.

चेलोतून आलेली
ड्रॅगोनेटीचा बो धनुष्यासारखा बाहेर वाकलेला होता. तो तुमच्या आजच्या जर्मन बोच्या खाती कसा जमा केलात? तुमच्यासारखी माणसं नवीन मुलांना घाबरवतात, मग ती अर्ध्यात पकड बदलतात आणि दोन्हीकडून जातात.

उलटा हात
मी घाबरवत नाही. माझ्या अंगठ्याचं सांगतोय. तुम्हाला दुखलं नाही म्हणून दुखतच नाही, असं कसं?

पिझिकाटोपुरता
अहो, मूळ प्रश्न काय होता? सर जसा धरतात तसला बो घ्यायचा. सर फ्रेंचवाले आणि शिष्याने जर्मन आणला, तर दाखवणार काय, कप्पाळ?

लाकूडतोड्या
अवांतर: 'ब्राझीलवुड' असा शिक्का बघून कोणी हुरळू नका. स्वस्त बोवर ते नाव कुठल्याही तांबूस लाकडाला लावतात. अस्सल पर्नाम्बुको, म्हणजे उत्तम बोंचं लाकूड, २००७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, विद्यार्थ्याच्या बजेटात तो येत नाही. ज्या झाडावरून ब्राझील देशाला नाव पडलं त्याची ही गत. यावर कोणी बोलत नाही, सगळ्यांना अंगठ्याचं पडलंय.

चौथी तार
म्हणजे निष्कर्ष काय? कोणाचंच एकमत नाही. मी तेच म्हणत होतो, आहे तो वाजवा.

राळ उडवणारा
@चौथी तार, एक साधा प्रश्न. सहा वर्षांत केस किती वेळा बदललेत?

चौथी तार
बदलायला कशाला हवेत? तुटलेले कापून टाकतो. केसांना रोज राळ लावतो, भरपूर.

खर्जातला
सहा वर्षं! एकच केस!

राळ उडवणारा
भरपूर राळ हे औषध नाही, हेच दुखणं आहे. केस गुळगुळीत झाले की राळ धरत नाहीत, म्हणून माणूस आणखी लावतो. मग तारेवर पांढरी पूड, बासच्या पोटावर पूड, आणि सूर लागताना किर्रर्र. माझंही हेच झालं होतं. 'बो वाईट आहे' म्हणत नवीन घ्यायला निघालो होतो. दुरुस्तीवाल्याने ओंजळभर केस पुढे करून विचारलं, हे काय आहे? टोकाकडचे पिवळे पडलेले, फ्रॉगपाशी घामाने काळे कुळकुळीत. नवे केस घातले, बो तोच, आणि सर म्हणाले, नवीन घेतलास का रे? राळही बासचीच हवी, मऊ आणि चिकट. चेलोची नाही. म्हणून त्या मुलाला सांगतो, सगळे पैसे काठीत घालू नकोस. वर्षभराने केस बदलायचे आहेत, तेवढे बाजूला ठेव.

खर्जातला
हे पटलं. माझ्या त्या खरखरीतली निम्मी केसांची असणार, हे आता लक्षात येतंय. पण काठी मधोमध बसायची ती बसायचीच, ते केसांचं पाप नव्हे.

उलटा हात
काळे केस घाला, जाड असतात, पकड जास्त.

चेलोतून आलेली
आणि आवाज खरबरीत. तुम्हाला चालेल.

बास नवा
मूळ प्रश्न माझाच होता. सर फ्रेंच धरतात. काल दुकानात स्वतःचा बास आणि स्वतःची राळ नेऊन चार बो वाजवले. एकाची काठी उजवीकडे गेलेली, एकाचा स्क्रू तुम्ही लिहिलंत तसाच सुटत होता. उरलेल्या दोघांतला साधा फायबरग्लासचा घेतला. ई तारेवर लांब सूर काढताना दुसरा थरथरत होता, हा नाही. केसांचे पैसे बाजूला ठेवलेत.

चौथी तार
अभिनंदन. मीही आज केस बदलून आणले. सूर टेकताक्षणी लागतो, हे मान्य. बदलणाऱ्याने काठी डोळ्याला लावली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मीही विचारलं नाही.