मदत हवी आहे: सगळी व्यवस्था कोलमडली, तर अदलाबदलीसाठी पेटीत काय ठेवावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधीच सांगतो की मी जगबुडीची वाट बघत बसलेला माणूस नाही. घरात दोन महिन्यांचं धान्य, पाणी साठवायची सोय, नेहमीची औषधं एवढं आहे आणि ते आमच्यापुरतं आहे. ते कुणाला द्यायचं नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बँका बंद, नोटेला कुणी विचारत नाही, वीज नाही, माल येत नाही, आणि हे चार-सहा महिने असंच चाललं, तर आपल्याकडे नसलेली वस्तू मिळवायला समोरच्याच्या हातावर ठेवायचं काय?

याच विचाराने तीन वर्षांपूर्वी मी एक पत्र्याची पेटी भरून माळ्यावर टाकली होती. मागच्या रविवारी उघडली. बारा लायटरपैकी सात पेटेनात, गॅस आपोआप उडून गेलेला. काडी घासली की गुलाचा भुगा होऊन पेटीच्या कडेला चिकटतो. बॅटऱ्या मी हुशारीने टॉर्चमध्येच घालून ठेवल्या होत्या. त्या पाझरल्या आणि आतली स्प्रिंग खाऊन गेल्या. मेणबत्त्या माळ्यावरच्या उन्हाळ्यात वाकून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. मीठ तेवढं धड होतं. दगड झालाय, पण मीठच आहे.

आता नव्याने भरायची तर विचारून भरावी म्हणतो. जागा त्या एका पेटीचीच आहे. घरात दोन तट आहेत. वडील म्हणतात सोन्याला मरण नाही, बायको म्हणते भुकेल्या माणसाला अंगठी दाखवून बघा. सिगारेट आणि दारू ठेवावी असं सगळीकडे वाचतो, पण आम्ही दोन्ही घेत नाही आणि दुसऱ्याच्या तलफेवर व्यापार करायला मन धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

वस्तू कुठली हे नंतर. आधी सुट्टे कसे देणार ते ठरवा.

आर. ए. रॅडफर्ड नावाचे अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. त्या छावणीतल्या बाजारावर त्यांनी १९४५ साली लेख लिहिला. रेडक्रॉसच्या पार्सलांतून सगळ्यांना जवळपास सारखाच माल मिळायचा: डब्यातलं दूध, जॅम, बिस्किटं, सिगारेट. तरीही बाजार उभा राहिला, कारण आवडी सारख्या नव्हत्या. हळूहळू सगळ्याचे भाव सिगारेटमध्ये बोलले जाऊ लागले. सिगारेट एकसारखी, लहान, मोजता येणारी, शिवाय न ओढणाराही ती घेणार, कारण पुढे कुणीतरी ओढणारा भेटणारच. गंमत अशी की चांगली सिगारेट लोक स्वतः ओढायचे आणि हलकी बाजारात चालवायचे. नवा पुरवठा आला नाही की लोक चलनच ओढून संपवायचे आणि भाव गडगडायचे.

आता या मापाने तुमची पेटी तपासा. सोनं सुट्टं होत नाही. दहा काड्यापेट्यांसाठी अंगठीचा तुकडा तोडणार का? तोडलात तरी समोरचा ते खरं की खोटं कशावर पारखणार? वडिलांचंही अगदीच चूक नाही. गाव सोडून निघावं लागलं किंवा सगळं सावरल्यावर नव्याने उभं राहायचं झालं, की सोनं कामाला येतं. मधल्या काळात ते अंगावर शिवून ठेवायची वस्तू आहे, बाजारात काढायची नाही.

म्हणून पाच किलोच्या पोत्यापेक्षा शंभर ग्रॅमच्या पन्नास बंद पुड्या बऱ्या. सील असलं की समोरचा वासही घेत नाही. आणि एक साधा तराजू ठेवाच. वजनावरून जितकी भांडणं होतील तितकी मालावरून होणार नाहीत.

प्रतिसाद २

मी गोदामात काम करते, त्यामुळे माझं लक्ष आधी तुमच्या लायटरकडे गेलं. टिकतं काय, हे लोक शेवटी विचारतात.

ब्लीच सगळ्या याद्यांमध्ये असतं, पण बाटलीतलं ब्लीच वर्षभरात बरंच निवळतं. पेट्रोल काही महिन्यांतच बिघडायला लागतं, शिवाय घरात साठवणं म्हणजे स्वतःच्या हाताने सरण रचणं. पॉलिश न केलेला तांदूळ त्यातल्या तेलामुळे सहा महिने ते वर्षभरात खवट होतो. पांढरा तांदूळ आणि गहू हवा काढून नीट बंद केले तर वर्षानुवर्षं राहतात. मीठ आणि साखर कोरडी ठेवली तर खराब होतच नाहीत. साबणाची वडी सुकते, हलकी होते, पण साबणच राहते. बॅटऱ्या यंत्राच्या बाहेर, थंड जागी. काड्या झाकणाच्या काचेच्या बरणीत. माळा ही सगळ्यात वाईट जागा, पेटी खाली आणा.

याद्यांमध्ये नसलेलं एक सांगते: वाचायचे तयार चष्मे. अधिक एक ते अधिक तीन नंबरपर्यंतचे डझनभर चष्मे बुटाच्या एका खोक्यात मावतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा चष्मा फुटला की त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, औषधावरचं वाचता येत नाही, बोटातलं कुसळ निघत नाही. तो माणूस त्या चष्म्यासाठी काय देईल, विचार करा. तसंच सुया-दोरा, धुऊन वापरायचे सुती पॅड, कंदिलाच्या वाती. यातलं काहीही व्यसनाचं नाही आणि सगळं संपणारं किंवा हरवणारं आहे.

औषधं मात्र बाजारात काढू नका, विशेषतः प्रतिजैविकं. कुणाला, कशासाठी, किती दिवस, हे माहीत नसताना दिलेली पट्टी त्याच्या जिवावर बेतेल आणि लोक तुमच्या दारात येतील. त्यापेक्षा साखर-मिठाच्या पुड्या बांधा: एक लिटर स्वच्छ पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने. जुलाब झालेल्या पोराला एवढ्यानेच तग धरता येतो. पुडीवर प्रमाण लिहा, पेन्सिलीने. शाई ओल लागली की पसरते.

प्रतिसाद ३

बंदुकीच्या गोळ्या साठवा असं अजून कुणी कसं म्हणालं नाही? कायद्याचं बाजूला ठेवा, पण अनोळखी माणसाला आज गोळी विकायची आणि उद्या ती कुठून परत येते ते बघायचं, हा धंदा मला काही झेपणारा नाही.

दारूचं म्हणाल तर स्पिरिटसारखी कडक ठेवा. जखम पुसायला, स्टोव्ह पेटवायला चालते. मग मन धजायचा प्रश्नच नाही. (पिणारे पितीलच, ते सोडा.)

प्रतिसाद ४

थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की संकटात रोज बाजार भरेल. कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली लिहून ठेवलंय की निव्वळ अदलाबदलीवर चाललेली अर्थव्यवस्था कुणी कधी नोंदवलेलीच नाही. ओळखीच्यांत चालते ती उसनवारी. आज तू दे, पुढे मी देईन. हातोहात अदलाबदल होते ती अनोळखी माणसांत, किंवा पैशाची सवय असलेल्यांचा पैसा अचानक गेला की.

अर्जेंटिनात याचं दोन्ही रूप दिसलं. १९९५ मध्ये ब्वेनोस आयरेसजवळच्या बर्नालमध्ये काही शेजाऱ्यांनी अदलाबदलीचा क्लब काढला. लहान होता तोवर छान चालला. २००१ च्या अखेरीस बँकांमधली खाती गोठल्यावर असे क्लब देशभर फोफावले. त्यांच्या स्वतःच्या कागदी पावत्या चलन म्हणून फिरत होत्या. २००२ मध्ये त्या बेसुमार झाल्या, खोट्याही आल्या, आणि डोलारा बसला. चेहरा ओळखीचा होता तोवर कागद चालला.

तेव्हा पेटीत एक जाड वही ठेवा. कुणाला काय दिलं, कुणाकडून काय आणलं, दोघांच्या सहीने. आणि संपणाऱ्या मालाच्या जोडीला न संपणारं काहीतरी हवं. धार लावायचा दगड, कानस, पंक्चरचं सामान, केस कापायची कात्री. पुड्या पन्नास म्हणजे पन्नासच. धार लावून द्यायला मात्र तुम्ही रोज नव्याने बसू शकता. त्यात आणखी एक सोय आहे: माणूस विळी घेऊन येतो, धार लावून घेतो, जातो. तुमच्या घरात काय आहे ते त्याला दिसत नाही. पेटी उघडून मोजून द्यायला बसलात की चौथ्या दिवशी सगळ्या आळीला आकडा पाठ.

अवांतर: फार भरूही नका. युद्धानंतर जर्मनीत सिगारेटवर व्यवहार चालायचे. २० जून १९४८ ला नवा मार्क, म्हणजे नवं चलन, आलं आणि एका रात्रीत दुकानांच्या काचांमागे माल दिसू लागला. ज्यांनी सिगारेटचे गठ्ठे दाबून ठेवले होते, त्यांच्याकडे ओढायला भरपूर उरलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल पेटी माळ्यावरून खाली आणली. उरलेले पाच लायटर स्वयंपाकघरात वापरायला काढले. मीठ-साखरेच्या पुड्या बांधायला बसलो तर बायकोने पहिल्या चार परत उघडायला लावल्या, चमचा शिगोशिग भरत होतो म्हणून. सपाट करायला सुरीची पाठ फिरवायची, हे आता कळलं. चष्म्यांची कल्पना घरात सगळ्यात जास्त पटली, कारण वडिलांचा चष्मा महिन्यातून दोनदा हरवतो. सोन्यावर तह झाला: ते पेटीत नाही, वडिलांकडेच.

एकच राहिलं. धार लावायचा दगड एकच घ्यायचा तर कुठला? मला आजवर स्वयंपाकघरातल्या सुरीपलीकडे अनुभव नाही.

प्रतिसाद ४

दोन बाजूंचा घ्या, एकीकडे ४००, दुसरीकडे १००० (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). विळा-कुऱ्हाडीचे दाते पडलेले असतील तर खरबरीत बाजू, सुरी-कात्रीला बारीक. आत्तापासून शेजाऱ्यांच्या सुऱ्यांवर हात बसवा, स्वतःच्या चांगल्या सुरीवर नको. आणि पाण्यावर चालणारा दगड घ्या, तेलावरचा नको. तेल तेव्हा फोडणीला लागेल.