उत्प्रेरक, आधार, पृथक्करण, विश्लेषण: कार्बन नॅनोट्यूबबद्दल लिहिताना कुठला शब्द कुठे?

प्रश्न: कार्बन नॅनोट्यूबचे रसायनशास्त्रातले उपयोग यावर मराठीत लेख लिहिते आहे. वाचलेल्या साहित्यात एका ठिकाणी नॅनोट्यूबला उत्प्रेरक म्हटलंय, दुसरीकडे उत्प्रेरकाचा आधार. तपासणीच्या भागात कुणी पृथक्करण लिहितं, कुणी विश्लेषण. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि मुळात नॅनोट्यूबला नलिका म्हणावं की अब्जांश नलिका?

—

उत्तर: नावाचं आधी सांगते, कारण त्यात फार अडकायला नको. 'अब्जांश' हा शब्द अर्थाने अगदी काटेकोर आहे. अब्ज म्हणजे शंभर कोटी, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एकाच भिंतीच्या नळीचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर असतो, म्हणून शब्द मापालाही जुळतो. तरी वाचकाला 'नॅनोट्यूब' लगेच कळतं. पहिल्या उल्लेखात 'कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या' असं लिहा आणि पुढे नॅनोट्यूबच चालू द्या. प्रकारांसाठी मात्र 'एकभित्ती' आणि 'बहुभित्ती' हे शब्द जरूर वापरा. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या नळ्या बहुभित्ती होत्या, एकात एक बसलेल्या, दोन भिंतींमध्ये सुमारे ०.३४ नॅनोमीटरचं अंतर. एकभित्ती नळ्यांचं वर्णन १९९३ मध्ये आलं.

—

उत्प्रेरक आणि आधार हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. या विषयावरच्या मराठी लेखनात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेत भाग घेऊन तिचा वेग बदलणारा आणि शेवटी पुन्हा मूळ रूपात मिळणारा पदार्थ. आता १९९४ चं एक काम बघा. नॅनोट्यूबवर रुथेनियम धातूचे बारीक कण बसवले आणि सिनॅमाल्डिहाइडचं (दालचिनीला वास देणाऱ्या पदार्थाचं) हायड्रोजनीकरण केलं, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडला. या रेणूत हायड्रोजन दोन ठिकाणी जोडला जाऊ शकतो: कार्बन-कार्बन दुहेरी बंधावर किंवा आल्डिहाइड गटातल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधावर. हवा असतो तो दुसरा, त्यातून सिनॅमिल अल्कोहोल मिळतं. नॅनोट्यूबवर बसवलेल्या रुथेनियमने ही निवड ९२ टक्क्यांपर्यंत नेली. अल्युमिनावर (अल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेल्या रुथेनियमला त्याच्या जवळपासही जाता आलं नव्हतं.

इथे उत्प्रेरक कोण? रुथेनियम. नॅनोट्यूब हा आधार. 'नॅनोट्यूब या उत्प्रेरकाने सिनॅमिल अल्कोहोल तयार होतं' असं लिहिलं तर वाक्य मराठी म्हणून बिनचूक आणि रसायनशास्त्र म्हणून चूक होईल.

पण 'आधार' शब्दाने वाचकाला वाटतं की कण नुसता वर ठेवलेला आहे आणि खालच्याला त्याचं सोयरसुतक नाही. तसंही नाही. धातू तोच, आधार बदलला की निवड बदलली. म्हणून 'आधार' लिहून थांबू नका, 'आधाराचाही परिणाम होतो' हे पुढच्याच वाक्यात आलं पाहिजे.

—

प्रश्न: पण काही ठिकाणी नॅनोट्यूब स्वतःच उत्प्रेरक असते ना?

—

उत्तर: असते. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये ब्युटेनमधला हायड्रोजन काढून घेणारी अभिक्रिया नॅनोट्यूबवर करून दाखवली, त्यात धातू नव्हता. पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गटच ते काम करत होते. २००९ मध्ये नळीच्या भिंतीच्या जाळीतल्या काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजन असलेल्या नळ्यांनी अल्कलीयुक्त द्रावणात ऑक्सिजनचं क्षपण घडवलं, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळवून दिले. इंधन घटातलं (इंधनापासून थेट वीज देणाऱ्या घटातलं) हे काम एरवी प्लॅटिनमकडे असतं. या दोन्ही ठिकाणी 'उत्प्रेरक' शब्द निर्धास्त वापरा, हवं तर 'धातुविरहित उत्प्रेरक' म्हणा.

तिसरी तऱ्हा: धातूचा कण नळीच्या आत. चीनमधल्या डालियनच्या गटाने २००७ मध्ये रोडियमचे कण नळीच्या पोकळीत बसवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून इथेनॉल मिळवलं. बाहेर बसवलेल्या कणांच्या तुलनेत इथेनॉल तयार होण्याचा वेग दहापटीहून जास्त भरला. आतल्या कणांपर्यंत वायूंना पोचणं अवघड असूनही. याला 'आधार' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

—

प्रश्न: कोंदण कसं वाटतं? हिरा कोंदणात बसवतात तसा कण नळीत.

—

उत्तर: शब्द देखणा आहे, पण कोंदणातला हिरा बाहेरून दिसावा म्हणून बसवतात. इथे सगळी करामत कण बंदिस्त असल्याची आहे. नळीच्या भिंतीला बाक असल्यामुळे आतल्या बाजूची इलेक्ट्रॉनांची स्थिती बाहेरच्यापेक्षा वेगळी असते. मी 'नळीत बंदिस्त केलेला उत्प्रेरक' असं लिहीन. लांब आहे, पण अर्थ निसटत नाही.

आणखी एक सावधगिरी. 'नॅनोट्यूबचा उत्प्रेरक' ही शब्दरचना टाळाच. मराठीतल्या षष्ठीला इथे दोन अर्थ चिकटतात: नॅनोट्यूबपासून बनलेला उत्प्रेरक, आणि नॅनोट्यूब तयार करण्यासाठी लागणारा उत्प्रेरक. दुसराही खराच आहे. वायूरूप हायड्रोकार्बनपासून नळ्या वाढवताना लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे कण लागतात, आणि त्यातले काही शेवटपर्यंत नळ्यांत अडकून राहतात.

त्या अडकलेल्या कणांनी किती गोंधळ घातला ते सांगण्यासारखं आहे. विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) नॅनोट्यूबचा थर दिला की हायड्रोजन पेरॉक्साइडचा संकेत स्पष्ट मिळतो असं दिसत होतं, आणि श्रेय नळ्यांना दिलं जात होतं. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की ते काम नळ्यांत उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडच्या कणांचं आहे. आम्लाने धुतल्यावरही सगळे कण जात नाहीत, कारण काहींभोवती कार्बनचे थर असतात आणि आम्ल तिथवर पोचत नाही. तेव्हा 'नॅनोट्यूबची उत्प्रेरकता' असे शब्द कुठे वाचलेत तर आधी बघा, लेखकाने धातूचा अंश मोजला आहे का. मोजला नसेल तर मराठीत आणतानाही ठाम क्रियापद वापरू नका.

—

पृथक्करणाचं राहिलं. पृथक् म्हणजे वेगळं. पूर्वी रासायनिक तपासणीलाही सरसकट पृथक्करणच म्हणत, अजूनही म्हणतात. आता त्या अर्थी 'विश्लेषण' रूढ झालंय आणि ते बरंच झालं, कारण नॅनोट्यूबच्या बाबतीत आपल्याला दोन्ही शब्द वेगवेगळ्या कामांना लागतात.

पाण्यातलं बिस्फेनॉल-ए (प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं रसायन) मोजायचं आहे असं धरा. बहुभित्ती नॅनोट्यूब भरलेल्या छोट्या स्तंभातून पाणी सोडतात. बिस्फेनॉलच्या बेंझीन वलयांचं नळीच्या षट्कोनी जाळीशी छान जमतं, त्यामुळे ते भिंतीला धरून राहतं आणि पाणी पुढे जातं. मग थोड्याशा मिथेनॉलने ते सोडवून घेतात. मोठ्या आकारमानातला अत्यल्प अंश आता काही मिलिलिटरमध्ये आला, आणि तो मोजणीच्या उपकरणात घालता येतो. २००३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. यात स्तंभातलं काम ते पृथक्करण, आणि नमुना घेण्यापासून आकडा मिळेपर्यंतची सगळी प्रक्रिया ते विश्लेषण.

भिंतीला धरून राहण्याला 'शोषण' म्हणू नका. शोषणात पदार्थ आत मुरतो. इथे तो पृष्ठभागावर राहतो, म्हणून 'अधिशोषण' किंवा 'पृष्ठशोषण'. मला दुसरा शब्द जास्त आवडतो, तो ऐकताच कळतो. एका ग्रॅम एकभित्ती नळ्यांचा नुसता बाहेरचा पृष्ठभाग सैद्धांतिक हिशोबाने सुमारे १३१५ चौरस मीटर भरतो. हा गुण पृष्ठभागाचाच आहे, मग शब्दातही पृष्ठ दिसू दे.

उलट वायू-संवेदकात पृथक्करण मुळीच नसतं. २००० साली दाखवलेल्या संवेदकात अर्धवाहक एकभित्ती नळीवर नायट्रोजन डायऑक्साइड आला की तिची विद्युतवाहकता वाढते, अमोनिया आला की घटते. पहिला रेणू नळीतून इलेक्ट्रॉन ओढतो, दुसरा देतो. इथे 'शोधन' हा शब्द कृपया नको, त्याने शुद्धीकरणाचा भास होतो. 'वायू ओळखणं' पुरेसं आहे.

—

प्रश्न: आणि नायट्रिक आम्लात उकळून नळ्यांवर कार्बॉक्सिल (-COOH) गट आणतात, त्याला काय म्हणू? 'कार्यात्मकीकरण' वाचलं कुठेतरी.

—

उत्तर: 'क्रियात्मक गट जोडणं'. शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे, त्याला क्रियापद लावलं की झालं. कारणही एका वाक्यात द्या: कोऱ्या नळ्या पाण्यात एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि धातूचे कण त्यांच्यावर नीट ठरत नाहीत; गट जोडल्यावर दोन्ही अडचणी कमी होतात. तुमचं सुरुवातीचं वाक्य मी असं करेन: 'कार्बन नॅनोट्यूब उत्प्रेरकांना आधार म्हणून, काही अभिक्रियांत स्वतः उत्प्रेरक म्हणून, आणि रासायनिक विश्लेषणात पृष्ठशोषक, विद्युत् अग्र व संवेदक म्हणून वापरल्या जातात.'