मदत हवी आहे: कुत्र्याने बेदाणे खाल्लेत, पुढचे तीन दिवस काय बघू?

आम्ही तासगावचे. घरात बेदाण्याला कधी तोटा नसतो, तेच आज नडलं. सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी आईनं वाटीभर बेदाणे निवडून पाटावर ठेवले होते. आमचा मोती (गावठी, चार वर्षांचा, १४ किलो) आत शिरला आणि निम्मी वाटी फस्त. आई म्हणाली, "खाऊ दे की, ताकद येईल." मला मात्र द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होते हे माहीत होतं, म्हणून तसंच गाडीत घालून सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. बेदाणे फुगून आख्खेच्या आख्खे पडले. मी तिथंच बसून मोजले, ३१. पण खाल्ले नक्की जास्त होते. मग सलाईन लावलं. क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी) आज नॉर्मल आहे, उद्या-परवा पुन्हा तपासायचंय. आत्ता माझ्या पायाशी झोपलाय, मधेच दचकतो. मला काही झोप लागत नाही.

लघवी कमी झाली तर लगेच आणा, असं सांगितलंय. पण तो मोकळा फिरतो, कळणार कसं? कुणाचा कुत्रा यातून वाचलाय का? आणि त्याला रोज आमचीच आमटी-भात असते, कांदा-लसूण चटणी घातलेली. तेही बंद करू का?

प्रतिसाद:
दादा, आमची लॅब्राडॉर कुत्री गेल्या वर्षी मनुका खाऊन वाचली. तुम्ही वेळेत नेलंत, हे फार बरं केलंत. तीन दिवस मोतीला पट्ट्यानंच बाहेर न्या आणि प्रत्येक लघवीची वेळ लिहून ठेवा. पुन्हा उलटी झाली, खाणं सोडलं, मलूल पडला तर सकाळची वाट बघू नका. आजचा रिपोर्ट चांगला आला म्हणून उद्याचा चुकवू नका, क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनीही वाढतं.

आमटी आजपासून बंद. कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो की चटणीतला, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी लालसर. उद्या रक्त काढतील तेव्हा हिमोग्लोबिनही बघायला सांगा. फोडणीआधीच त्याचा वाटा बाजूला काढत जा. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगमही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

आईंवर रागावू नका. मोती बरा झाला की ताकदीसाठी त्यांच्याच हातानं उकडलेलं अंडं भरवू दे. उद्याचा रिपोर्ट इथं नक्की कळवा.